दुसरी ओळ आली की नंबर मिळेल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

पहाटेपासून चुळबुळ. या कुशीवरून त्या कुशीवर. दात घासताना कारण कळलं. मला एक ॲप सुचलं आहे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. पुढेमागे लोक विचारतील. मागच्या आठवड्यात फोन बादलीत पडला. बादलीत पाणी होतं, असं मी सांगितल्यावर ही म्हणाली, अहो, बादलीत पाणीच असतं. फोनबरोबर सगळे नंबर गेले. नव्या फोनात सध्या तीन माणसं आहेत : मुलगा, सूनबाई आणि गॅसवाला. हिचा नंबर घातलेला नाही. ही घरातच असते.

बाकीचे गेले त्याचं काही नाही. लांब्याचा गेला, ते लागलं. लांब्या माझा शाळेतला बाकसोबती. तिसरा बाक, खिडकीकडचा. कवितेचे सर दोघादोघांना उभं करायचे. एकाने पहिली ओळ म्हणायची, शेजारच्याने दुसरी. मी पहिली, लांब्या दुसरी. अख्खी शाळा अशी काढली, एकदाही अडलो नाही. मला आजही शेकडो कवितांच्या पहिल्या ओळी पाठ आहेत. दुसऱ्या लांब्याकडे आहेत. कामाची वाटणी होती.

एकदा त्याच्या शेजारी बसून एक तरी कविता पुरी म्हणायची आहे. या वयात अर्धीअर्धी घेऊन किती फिरायचं?

तर ॲप. दोन माणसं भेटली की आकडे सांगत बसतात. नऊ आठ दोन, नाही नाही, दोन नंतर शून्य. काय ही ओळख! माझ्या ॲपमध्ये फोन कवितेची पहिली ओळ म्हणेल. समोरच्याने दुसरी म्हणायची. आली, तर शाळेची घंटा वाजेल आणि नंबर मिळेल. नाही आली, तर नमस्कार.

आजपासून कामाला सुरुवात. आधी पेन्सिलींना टोकं.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेबल खिडकीपाशी हलवलं. उजेडाशिवाय डिझाइन होत नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पहिला स्क्रीन काढला. खऱ्या मापाचा. मधोमध दार, दाराला कडी. कडी जमली आहे. दार अजून वाकडं येतं.

एका अनोळखी नंबरचा फोन आला. शेवटी दोन साते. सूनबाईने बजावलंय, बाबा, अनोळखी नंबर घ्यायचे नाहीत, हल्ली फसवतात. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. यांना कामधंदा नसतो.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

सूनबाई एका कंप्यूटर कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. दार लावून, कानाला हेडफोन लावून. मी टकटक केली. पुन्हा केली. मग कॅलेंडर दाराखालून आत सरकवलं.

ती बाहेर आली. बघितलं. बाबा, युजर कोण, असं विचारलं. मी म्हटलं, माणूस. कुठला माणूस? मी म्हटलं, सहृदय. तिने ते लिहून घेतलं नाही.

मग म्हणाली, समोरच्याला ओळ आलीच नाही तर? मी म्हटलं, मग तो ओळखीचा नव्हेच. ती म्हणाली, पण बाबा, ज्यांना तुम्ही आधीच ओळखता, त्यांच्याकडे तुमचा नंबर असणारच ना? हा प्रश्न तांत्रिक आहे. नंतर बघू.

बाकी तिला आवडलेलं दिसतं. म्हणाली, एवढं एक दुपारभराचं काम आहे. मी म्हटलं, घाई नको, पोरी. टपाल विभागात तीस वर्षं मी पत्त्यांचंच काम केलं. चुकीच्या पत्त्याचं पाकीट नुसतं हातात घेतलं तरी मला कळायचं. ही आतून म्हणाली, स्वतःच्या घराचा नवा पत्ता अजून येत नाही तुम्हाला. घर बदलून वर्षच झालंय. सवय व्हायला वेळ लागतो.

सूनबाईने दुसऱ्या ओळी मागितल्या. ॲपमध्ये आधी घालाव्या लागतात म्हणे, त्याशिवाय बरोबर-चूक त्याला कळणार कसं? उद्या देतो म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

टेबल गॅलरीत नेलं. खिडकीतून समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालताना दिसते आणि लक्ष कपड्यांवर जातं.

दुसऱ्या ओळी आठवायला बसलो. ‘नदीकाठच्या नावाड्या, थांब जरासा थांब’. पुढे? नावाडी थांबला, त्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. ‘शिखरावरती एकच तारा’. पुढे काहीतरी वारा असणार. वारा की पारा?

गॅलरीत वारा फार. कागद उडतात. त्यामुळेच आठवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॉनिटरचा फोन आला. हा आमच्या वर्गाचा मॉनिटर. अजूनही आहे. सत्तरी उलटली तरी मला उशिरा का उचललास म्हणून विचारतो. त्याचा नंबर पाठ आहे. शाळेपासून त्याची दहशत आहे.

बातमी मोठी. २ मार्चला आमच्या जुन्या शाळेत वर्गमित्रांचा मेळावा. लांब्याही येणार! मॉनिटर म्हणाला, त्याचा नंबर देऊ का? मी हसलो. म्हटलं, नको. नंबर घेऊन भेटण्यात कसलं काव्य? तो समोर येईल, माझा फोन पहिली ओळ म्हणेल, तो दुसरी म्हणेल, घंटा वाजेल. मॉनिटर म्हणाला, ते राहू दे, आधी ऐक, मी लांब्याला... पण तेवढ्यात मला घंटेचा आवाज कसा असावा ते सुचलं, म्हणून फोन ठेवला. सुचलेलं लगेच टिपावं लागतं.

पितळी असावा. टिपलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन सातेवाला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. औषधासारखा. चिकाटी मात्र मानली पाहिजे. क्रेडिट कार्ड खपवणाऱ्यांत एवढी निष्ठा, आणि आपल्या कवितेचं ॲप काढायला एकटा मी.

सूनबाईने ओळींची आठवण केली. म्हटलं, लिहून काढतोय, अक्षर सुवाच्य हवं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नाव ठरवण्यात दिवस गेला. ‘सोबती’ म्हटलं. सूनबाई म्हणाली, बाबा, त्या नावाची खूप आहेत. ‘स्नेहसेतू’? ही म्हणाली, पतपेढी वाटते. ‘बाकसोबती’ ठरलं. ही म्हणाली, फर्निचरचं दुकान वाटतं. हिला कवितेत गती नाही. पूर्वीपासूनच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी हिला एक ओळ म्हणून दाखवली होती, तर ही काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, थांब, आधी माझी होऊ दे. तेव्हापासून ऐकून घेते.

टेबल हॉलमध्ये. टीव्हीमुळे बसता येत नाही. उभ्याने काम केलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आनंदाची बातमी! सूनबाईने ॲप केलं. खरोखर एका दुपारीच. सध्या एकच कविता घातली आहे, म्हणाली, बाकीच्या नंतर. माझ्या आवाजात पहिली ओळ रेकॉर्ड केली :

गवतावरल्या इवल्या थेंबा, सांग तुझे रे गाव

माझा आवाज इतका थरथरतो हे माहीत नव्हतं. भावनेने होत असेल.

दुसरी ओळ तिने कुठून तरी मिळवली. मी विचारलं, कुठून? म्हणाली, घरातूनच. कंपनीतली माणसं, काहीही मिळवतात. ओळ कुठेही दिसता कामा नये, अगदी मलाही नाही, असं मीच बजावलं. गुप्तता म्हणजे गुप्तता. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला येते ना? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

चाचणी. फोन टेबलावर ठेवला, समोर बसलो. फोन म्हणाला, सांग तुझे रे गाव. मी म्हटलं, ‘क्षणभर दे मज ठाव’. चूक. ‘दूर निघाली नाव’. चूक. ‘सांग तुझा रे भाव’. चूक.

माइक खराब आहे.

त्याच दिवशी, दुपार

माइक नुसता खराब नाही, बिघडलेलाच आहे. फोन हॉलमध्ये तसाच बोलत राहिला होता. ही शेजारी वाटाणे सोलत बसली होती. तोंडाने नेहमीसारखी काहीतरी पुटपुटली, आणि टण्ण! घंटा वाजली. स्क्रीनवर माझा नंबर. ही दचकली, वाटाणे जमिनीवर. मी सूनबाईला हाक मारून सांगितलं की बग आहे, कुणी काहीही बोललं तरी दार उघडतं. सूनबाईने हिच्याकडे बघितलं, ही सूनबाईकडे. दोघी हसल्या. बायकांना तांत्रिक गोष्टींचं गांभीर्य नसतं.

वाटाणे मी वेचले. कपाटाखालचे राहिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाजारपेठेत पहिला प्रयोग. औषधाच्या दुकानात हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, काका, संध्याकाळी येतील, घरी पाठवतो, नंबर सांगा. मी फोन पुढे केला. फोन म्हणाला, गवतावरल्या इवल्या थेंबा.

दुकानदार म्हणाला, डोळ्यांचे थेंब हवेत का?

मी समजावलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या मागच्या रांगेकडे. रांगेतला एकजण म्हणाला, काका, तोंडी सांगा की. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. दुकानदार म्हणाला, बरं, पुढचे या.

संध्याकाळी गोळ्या आल्या नाहीत. ही स्वतः जाऊन घेऊन आली. चप्पल जरा जोरात काढली.

निष्कर्ष : सामान्य ग्राहक अजून तयार नाही. ॲप काळाच्या पुढे आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लांब्या कसा दिसत असेल? मान खाली घालून उभा राहायचा, दुसरी ओळ म्हणताना. नम्र. मी वर बघायचो, तो खाली. सर म्हणायचे, याच्याकडून शिका. खिडकीतून ऊन बाकावर यायचं, शाईच्या डागांवर. त्या बाकाची आठवण आली की अजून बोटं चिकट वाटतात.

मन ठिकाणावर नाही. चार वेळा जिना उतरलो, चार वेळा चढलो. शेजारच्यांनी विचारलं, काही हरवलंय का. म्हटलं, नाही, सापडणार आहे.

दोन सातेवाल्याने या सगळ्यात व्यत्यय आणला. आज सूनबाईकडून ब्लॉक करायला शिकलो आणि केला. फार समाधान वाटलं. मी तंत्रज्ञानात पुढे चाललो आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सदऱ्याला इस्त्री. टेबल पुन्हा खिडकीपाशी. ही म्हणाली, आता त्या टेबलाला चाकं लावा. भाषणाची तयारी केली. पहिलं वाक्य उत्तम जमलं आहे.

१ मार्च, शनिवार

उद्या! परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखं चष्मा, फोन, सदरा सगळं मांडून ठेवलं. ही म्हणाली, जाताना माझा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, उशीर झाला तर कळवता येईल. मी हसून टाळलं. संपर्काचं ॲप घेऊन निघालेला माणूस खिशात चिठ्ठी ठेवतो का!

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

सविस्तर लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

शाळेचा तोच हॉल. बाक तेच, पण बुटके झालेत. आत जाताना दारात मॉनिटरने हजेरी घेतली. मी ‘हजर’ म्हणालो. सगळीकडे टकली, काठ्या, कानातली यंत्रं. लांब्या दिसेना. म्हटलं, येईल. तो शेवटीच येतो, दुसरी ओळ असल्यासारखा.

मॉनिटरने दोन मिनिटं दिली. भाषणाचं पहिलं वाक्य छान झालं. दुसरं तयार केलेलं नव्हतं, म्हणून सरळ फोन वर धरला. गवतावरल्या इवल्या थेंबा, सांग तुझे रे गाव. मग एकजण म्हणाला, ही कविता ‘ब’ तुकडीला होती. दुसरा म्हणाला, मोठ्याने लाव, कानातल्याची बॅटरी गेलीय. तिसऱ्याने सव्वीसचा पाढा सुरू केला, त्याला कुणीतरी खाली बसवलं. फोन ‘चूक, चूक’ म्हणत राहिला. शेवटी त्याचीही बॅटरी गेली.

मी मॉनिटरला विचारलं, लांब्या?

तो म्हणाला, लांब्या काल गेला. मुलीकडे, लांब, कायमचा राहायला. घर आवरून झालं होतं, तिकडून न्यायला आले. अरे, तो महिनाभर तुला फोन करत होता, जाण्याआधी एकदा भेटायचं म्हणून. घरी यावं तर तुझा पत्ता बदललेला. तू उचलत नाहीस, कापतोस, शेवटी तर फोन लागेचना. म्हणाला, बारक्याचं काय बिनसलंय कळत नाही. बारक्या मी. तुझा नंबर तोच आहे असं मीच त्याला सांगितलं होतं, मॉनिटर म्हणाला, तेच सांगत होतो त्या दिवशी, तर तू फोन ठेवलास.

मी विचारलं, त्याच्या नंबरच्या शेवटी काय आहे?

दोन साते, मॉनिटर म्हणाला.

मग एक कागद फिरला. प्रत्येकाने आपला नंबर लिहायचा, आणि अडीअडचणीला म्हणून घरच्या माणसाचा. सगळ्यांनी भराभर लिहिलं. माझा स्वतःचा मला कसाबसा आला. हिचा रकाना मी कोरा सोडला. मॉनिटरने चष्म्यावरून बघितलं.

परतीच्या बसच्या थांब्याचा रस्ता चुकलो. उशीर होईल हे घरी कळवायला कुणाचा तरी फोन मागितला असता. पण लावणार कुठला नंबर? घरी पोचलो तेव्हा ही गॅलरीत उभी होती. म्हणाली, आलात? एवढंच.

३ मार्च, सोमवार. सकाळ.

खचून जाणाऱ्यांतला मी नाही. दोन सातेवाल्याला मोकळं केलं आणि फोन लावला. त्याने उचलला. कोण, म्हणाला. तोच घोगरा आवाज! नाव कशाला सांगू? आमची ओळख नावाची नाही. मी गळा साफ केला आणि म्हटलं, गवतावरल्या इवल्या थेंबा, सांग तुझे रे गाव.

तिकडे शांतता. मला वाटलं, भरून आलं.

मग तो कुणाला तरी म्हणाला, कुणी फसवणारा दिसतोय, घराचा पत्ता विचारतोय. आणि मला म्हणाला, आम्हाला काही नकोय. फोन कापला.

पुन्हा लावला. लागला नाही. त्यालाही कुणीतरी ब्लॉक करायला शिकवलेलं दिसतं.

ही बघत होती. तिने पदराला हात पुसले, माझ्या फोनवरचा नंबर बघून आपल्या फोनवरून लावला. भावजी, मी बोलतेय, बारक्यांच्या घरून. हो, बरे आहेत. फोन बादलीत पडला होता, त्यात तुमचा नंबर गेला. नाही हो, रागावले कशाला? देते. संपलं. एवढ्यावर काम होतं.

लांब्याने आधी यथेच्छ शिव्या दिल्या. चष्म्याशिवाय त्याला स्क्रीनवरचं नाव दिसत नाही म्हणे. फार बरं वाटलं. मग गुडघे, मग साखर, मग मुलीच्या घराचे जिने. मी म्हटलं, ते सगळं असू दे, मघाशी ओळ म्हटली ती मीच. दुसरी ओळ म्हण. कसली ओळ, म्हणाला. अरे, आपण दोघं उभे राहायचो. हो, उभे राहायचो, तो म्हणाला, पण मला कुठे काय येत होतं? पुस्तक बाकाखाली उघडं असायचं मांडीपाशी. खाली बघून वाचायचो. तुला माहीत नव्हतं?

मला नम्रता वाटली होती.

मग तो म्हणाला, बारक्या, पण पहिली ओळ तू झकास म्हणायचास हं. म्हणून तर मला पान सापडायचं.

फोन ठेवला. मी तसाच बसून राहिलो. तोंडातून सवयीने निघालं, गवतावरल्या इवल्या थेंबा, सांग तुझे रे गाव. आतून, भांडी घासता घासता, ही म्हणाली :

ऊन येताच उठून जाशी, पुसू कुणाला नाव.

टेबलावर फोन चार्ज होत होता. टण्ण.

मी स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, तुला येते? म्हणाली, आमच्याही शाळेत तेच पुस्तक होतं. सूनबाईला मीच सांगितली. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, थांब, आधी माझी होऊ दे. तुमची झालीच नाही कधी.

६ मार्च, गुरुवार

ॲप काढून टाकलं. फोनमध्ये जागा लागते. सूनबाई म्हणाली, बाबा, एकूण एकच माणूस त्यातून पुढे गेला. बग नव्हता तो.

टेबल मूळ जागी. सारताना कपाटाखालचे वाटाणे सापडले.

रविवारी लांब्याला फोन करायचा आहे. त्याने बजावलंय, ओळबिळ नको, सरळ ‘बारक्या’ म्हण.

आजचा मुख्य संकल्प : हिचा नंबर पाठ करणे. फोनमध्ये नाही, डोक्यात. सकाळपासून येरझारा घालत घोकतो आहे. पहिले पाच आकडे पक्के झाले. मध्येच झोपेतून उठवून विचारा. पुढचे पाच अजून येत नाहीत, पण त्याचं काही अडत नाही. मी पहिले पाच म्हटले की पुढचे ही आतून म्हणते.

कामाची वाटणी बरी असते.